आणखीबुवाच्या खुर्च्या

राग येणं वेगळं आणि राग सांभाळणं वेगळं. येणारा राग कुणालाही येतो, दूध उतू गेलं तरी येतो. सांभाळायला मात्र चिकाटी लागते, आणि बारकीकडे ती रगड होती. सख्ख्या भावावरचा राग तिने इतकी वर्षं असा जपला होता की त्याच्यावर कधी धूळ म्हणून बसू दिली नाही. सकाळी उठलं की तोंड धुवायच्या आधी ती एकदा चाचपून बघायची, आहे ना जागेवर. असायचा.

बारकी हे तिचं घरातलं नाव. पन्नाशी उलटली, अंगाने चांगली आडवी झाली, सुतळी ओढून ओढून बोटांची पेरं गाठाळली, तरी ती आपली बारकीच. गल्लीत तिला खुर्चीवाल्या बाई म्हणत. कोच, दवाखान्यातली बाकडी, केस कापणाऱ्याची फिरती खुर्ची, जे जे वापरून वापरून खचलं असेल ते तिच्याकडे यायचं आणि माणसाला पुन्हा टेकता येईल असं होऊन जायचं. राहायला एक खोली, तिच्या मागे अरुंद शेड. शेडमध्ये काथ्याचे ढीग, गोणपाटाच्या गुंडाळ्या, भिंतीवर हातोड्या आणि दाभणं. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "आमच्या घरात एकाच माणसाला सगळं हवं होतं. माझ्या वाट्याला नवरा तरी कुठून उरणार?"

तो एक माणूस म्हणजे तिचा दादा.

दोघांचे बाबा गादीकाम करायचे. लाकडी सांगाड्यावर पट्टे ताणायचे, पट्ट्यांवर स्प्रिंगा सुतळीने बांधायच्या, वर गोणपाट, गोणपाटावर पिंजलेला काथ्या, मग कापसाचा पातळ थर आणि शेवटी कापड. काथ्या भरण्याबाबत बाबांचा एकच कायदा होता. भरून झालं की मधोमध मूठ दाबायची, ती मनगटापर्यंत आत गेली पाहिजे. "येणाऱ्याला जागा ठेवा रे," म्हणायचे, "खुर्ची आपण आपल्यासाठी भरत नाही." आणि काम पुरं झालं की चहाची बैठक. ही त्या दुकानाची रीत होती. नवी भरलेली खुर्ची दाराशी ठेवायची, ज्याने भरली त्याने तिच्यात बसायचं आणि कपभर चहा तळापर्यंत प्यायचा. मधे एकदा जरी बूड हललं, तरी खुर्ची परत उघडायची. गिऱ्हाईक पुढ्यात उभं राहून खोळंबलं असलं तरी उघडायची.

दादाला हा कायदा मुळातच मान्य नव्हता. "गिऱ्हाईक आधी बघतं, मग बसतं," असं त्याचं म्हणणं. तो काथ्या कोंबत राहायचा. खुर्ची ढेरीसारखी पुढे यायची, शिवण कडकडायची, तरी याचं चालूच. "अजून मावेल बाबा. आणखी." ताटावर बसला की आणखी, गोष्ट ऐकताना आणखी, बहिणीच्या वाट्याचा खाऊ हातात घेऊन तिच्याच तोंडाकडे बघत आणखी. बाबांनी त्याचं नाव आणखीबुवा ठेवलं आणि तो हात पुढे करायचा तेव्हा पोट धरून हसायचे. त्यांना वाटायचं, पोर आहे, वय वाढलं की भूक उतरेल. माणूस मापाचा पक्का होता, पण तेवढं एक माप त्याचं साफ चुकलं.

मग बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हातोडीचा हात लुळा पडला. दादाने दुकान आपल्या नावावर करून घेतलं, व्यवहाराला सोपं पडतं म्हणाला, आणि बाबांना धड बोलता यायच्या आत विकूनसुद्धा टाकलं. त्या पैशांतून त्याने तयार खुर्च्यांचं पहिलं मोठं दुकान थाटलं. दिसायला झकपक, आत नुसता चिकटवलेला फोम. लोकांनी आधी बघितलं आणि मग बसले, अगदी तो म्हणायचा तसं. एका दुकानाची अनेक झाली, मग कारखाने, मग जमिनी, मग काचेच्या इमारती. पुढे पुढे आपल्या भावाकडे नेमकं काय काय आहे ते बारकीला कळेनासं झालं, आणि लोक म्हणत, त्यालाही कळत नाही.

बाबा बारकीच्या खोलीत राहायला आले. दुकान गेल्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. जीभ थोडी वळायला लागल्यावर त्यांनी मागितली ती एकच गोष्ट.

"माझी खुर्ची."

ती खुर्ची म्हणजे काही थाटाची चीज नव्हती. साधी हातांची खुर्ची, विटकं हिरवं कापड. बाबा सगळा जन्म तिच्यात बसून काम करत आले होते. हत्यारांची पेटी डावीकडे, म्हणून ते सतत डावीकडे झुकायचे आणि त्या झुकण्याने बैठकीत एक खळगा पडला होता, डाव्या अंगाला जास्त खोल. लहानपणी बारकी पाय पोटाशी घेऊन त्या खळग्यात मावायची. ताप आला की तिला तिथेच झोप लागायची. जगात दुसरीकडे कुठेही तिला इतकी बेतशीर जागा मिळाली नाही, आणि हे ती स्वतःशीसुद्धा फार वेळा बोलायची नाही.

ती दादाकडे गेली. खुर्ची त्याच्या दुकानात दर्शनी काचेमागे ठेवलेली होती. वर दिवा, खाली पाटी: इथून सुरुवात झाली.

"बारके, लोक थांबून थांबून बघतात गं," दादा म्हणाला. "बाबांचंच नाव होतंय ना? त्यांना मी दुसरी पाठवतो. चाकांची. बटण दाबलं की मागे झुकते."

"त्यांना ती नको आहे. त्यांना त्यांची हवी आहे."

"सध्या नको. पायगुण आहे त्या खुर्चीचा. जरा जम बसू दे."

चाकांची खुर्ची आली. बाबांनी तिच्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. उशांच्या ढिगाला टेकवलं तरी ते डावीकडे कलंडत राहायचे, कारण डावीकडे त्यांना धरणारं तिथे काही नव्हतं. बारकी रोज त्यांना सरळ करायची. गेले त्या दिवशी त्यांचा चांगला हात अंथरुणाच्या काठावरून काहीतरी शोधत फिरत होता, आणि कशाचा शोध चालला आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. दादा आला, बाबांच्या पायांवर डोकं ठेवून रडला. खरं रडला. सगळ्यात जास्त चीड तिला त्याचीच आली. ढोंग असतं तर ते चव्हाट्यावर तरी मांडता आलं असतं.

तेव्हापासून राग सांभाळणं सुरू झालं. दुकानावरून जाताना ती काचेशी थांबायची. खुर्चीचे हात, कापड, पाय, यांतलं काहीच ती बघायची नाही. खळगा आहे ना ते बघायची आणि निघायची. तेवढी एक वस्तू तिला भावाकडून परत हवी होती. बाकी सगळं त्याला लखलाभ.

आणि एक दिवस दादाचाच निरोप आला. भेटायला ये, काम आहे.

त्याने नवं घर बांधलं होतं. घर कसलं, हाक मारली तर उत्तर यायच्या आधी हाक विसरायला होईल असा पसारा. मधोमध जेवणाचा दिवाणखाना, लांबच लांब टेबल, दोन्ही बाजूंना भारी लाकडाच्या खुर्च्या. आणि टेबलाच्या टोकाशी बाबांची खुर्ची. काच नाही, दिवा नाही. जवळ जाऊन हात लावता येईल अशी. बारकीने आधी खळगा बघितला. होता.

"कारखानेवाल्या आजी जेवायला यायच्यात," दादा सांगत होता. "लाकडाचे सगळे कारखाने विकायला काढलेत त्यांनी. अख्ख्या मुलखात त्यांचे आणि माझे, तिसरं कुणी नाहीच. ते माझ्याकडे आले की माझ्या वर कुणी उरत नाही. कुणीच नाही, बारके."

"मग?"

"मग काय मग?"

"वर कुणी नसलं की काय करणार?"

त्याला प्रश्नच कळला नाही. त्याने एका खुर्चीच्या बैठकीवर थाप मारली. "या बघ. बाहेरून मागवल्या, एवढ्या महागाच्या, आणि मेल्या आत बसल्यासारख्या दिसतात. पोकळ. माझ्या कारखान्यातल्यांना फक्त चिकटवता येतं. हाताने भरणारं आता तूच राहिलीस. भरून दे. चांगल्या गच्च. घरात पाऊल टाकल्याबरोबर भरल्यासारखं दिसलं पाहिजे." मग त्याने बाबांच्या खुर्चीकडे बोट केलं. "आणि हीसुद्धा. भिकाऱ्याच्या पोटासारखं खपाटीला गेलंय. मी त्या दिवशी हिच्यातच बसणार आहे."

"तो बाबांचा खळगा आहे, दादा."

"म्हणून तर भर म्हणतोय. बाबांची खुर्ची अशी दरिद्री दिसावी का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. तरीही बापाची शिकवण म्हणून तिने त्याला एकदा, एकदाच, सरळ सांगितलं. "जास्त भरली की बसता येत नाही. माणूस घसरतो. तुला माहीत आहे."

दादा हसला. लहानपणी तिच्या हातातला खाऊ घेताना हसायचा, अगदी तसा. "जास्त असं काही नसतंच, बारके. कमी असतं, तेवढंच."

त्या एका वाक्यावर सगळं ठरलं. दगा नाही, फसवणूक नाही, खिळा उलटा ठोकणं नाही. भाऊ मागतो आहे ते त्याला द्यायचं. मागेल तितकं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी पुरेपूर द्यायचं.

"मजुरी म्हणून मला ही खुर्ची हवी," ती म्हणाली. "जेवण झाल्यावर."

"बघू. आजी एकदा हो म्हणू देत. मग तुला अशा पंचवीस घेऊन देईन."

काम सुरू झालं आणि बारकीचा हात असा चालला की क्या बात है. मूठ मनगटापर्यंत जाईल इतकं भरून ती थांबायची आणि मुद्दाम दादाला बोलवायची. तो दोन बोटांनी दाबून बघायचा. बसून एकदाही बघितलं नाही. बसायला त्याला फुरसत कुठे होती? "आणखी," म्हणायचा आणि जायचा. ती आणखी भरायची. पुन्हा बोलवायची. पुन्हा दोन बोटं, पुन्हा आणखी. शेवटी मूठ तर सोडाच, बोटाचं पेर आत जाईना. खुर्च्या एकेक करून फुगल्या, ताणल्या, चमकायला लागल्या. लांबून बघितलं तर नजर ठरू नये अशा देखण्या, आणि टेकायला भोपळ्याच्या पाठीसारख्या.

दुपारी वहिनी स्वतः चहा घेऊन यायच्या. स्वभावाने अबोल बाई, नवऱ्याच्या पसाऱ्यात वाट चुकल्यासारख्या वावरायच्या. बारकी तो चहा उभ्याने प्यायची.

"बसा ना वन्सं. इतक्या खुर्च्या आहेत."

"नको. या बसायच्या नाहीत."

वहिनींनी एका खुर्चीवर टेकून पाहिलं. पुढे घसरल्या, टेबलाला धरून सावरल्या. बारकीकडे नीट एकदा बघितलं. "छान झाल्यात हो," म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या. त्यांच्या पाठीवरूनसुद्धा त्या हसताहेत हे कळत होतं.

शेवटी राहिली बाबांची खुर्ची. तिच्याभोवती बारकी अर्धा दिवस नुसती घुटमळली. न भरावी तर दादा नेमका हिच्यात आरामात बसणार, बाकी सगळे घसरत असताना हा एकटा बापाच्या खळग्यात रेलून मजा बघणार. ते होऊ देणं तिला शक्य नव्हतं. मग तिने तोड काढली. जुन्या काथ्याला हात लावायचा नाही. त्याच्यावर गोणपाटाचा एक थर अंथरायचा आणि भरायचं ते त्याच्या वर. खुर्ची हातात आली की वरचा भरणा काढून टाकायचा, खाली बाबांचा खळगा जसाच्या तसा. तोड तिला इतकी पटली की ती कामाला लागताना चक्क गुणगुणत होती.

दादा आला, दोन बोटांनी दाबलं.

"आणखी."

तिने आणखी भरलं.

"आणखी, बारके. माझी खुर्ची सगळ्यांत उठून दिसली पाहिजे."

माझी खुर्ची. हे शब्द कानात शिरले आणि मग तिने मागेपुढे पाहिलं नाही. काथ्याचे बुचके घेतले, आत कोंबले, बैठकीवर गुडघा रोवला आणि सगळं अंग त्याच्यावर टाकून दाबलं. दातओठ खात दाबलं. हे दुकानाचं, हे काचेमागच्या दिव्याचं, हे चाकांच्या खुर्चीचं, हे काठावरून फिरणाऱ्या हाताचं. कापड ताणून खिळे ठोकले तेव्हा ती घामाने निथळत होती आणि तिला इतकं बरं वाटत होतं की विचारायची सोय नाही.

जेवणाच्या दिवशी दादाने तिला हजर राहायला सांगितलं होतं, तेही बाबांचा जुना कामाचा एप्रन घालून. "आजींना दाखवायचंय, आमच्या घरात अजून हाताचं काम होतं." म्हणजे आधी काचेमागे खुर्ची ठेवली होती, आता दाराशी बहीण. एरवी तिने एप्रन त्याच्या तोंडावर फेकला असता. त्या दिवशी मात्र तो चापूनचोपून बांधला आणि सगळं दिसेल अशी जागा धरून उभी राहिली.

कारखानेवाल्या आजी अंगाने चिमूटभर, आवाजाने ठणठणीत. बरोबर एक भाचा. आजी खुर्चीत बसल्या आणि घसरल्या. पुन्हा मागे सरकल्या, पुन्हा घसरल्या. पाय जमिनीला पोचेनात. भाच्याने दोन्ही हातांनी टेबल धरलं होतं, वळणावर गाडी गेल्यावर धरतात तसं. आणि टोकाला, सगळ्यांत उंच फुगलेल्या हिरव्या खुर्चीवर, दादा. टाच रोवून, मांड्या आवळून, चेहऱ्यावर यजमानाचं हसू ताणून.

आजींना घाई नव्हती. कारखाने विकायचे म्हणजे त्यांच्या लेखी पोटची पोरं परक्याच्या हाती द्यायची होती. घेणारा माणूस कसा आहे ते त्यांना निवांत बघायचं होतं. त्यांनी पहिल्यापासून सांगायला घेतलं. पहिली करवत त्यांच्या यजमानांनी कशी आणली, पहिल्या कामगाराने त्यांना कसं बहीण मानलं, ओल्या लाकडाने एकदा कसा दगा दिला. दादा मान डोलवत होता आणि घसरत होता. सावरला की दोन वाक्यं ऐकायचा, तिसऱ्याला पुन्हा काठावर. त्याच्या कपाळावर घाम फुटला. पाठ आखडली. बाबांच्या दुकानात चहाच्या कपापुरतंसुद्धा जो कधी एका जागी ठरला नाही, तो आता ठरणार होता थोडाच?

"तर आमचे हे म्हणायचे," आजी सांगत होत्या, "की कामगाराच्या घरचं..."

"आजी," दादा मधेच म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. "ते सगळं असू दे. तुम्ही आकडा बोला. आत्ताच्या आत्ता संपवून टाकू."

आजींनी हातातला चमचा खाली ठेवला.

"संपवून टाकू," त्या सावकाश म्हणाल्या, जणू शब्दाची चव घेऊन बघत होत्या. मग हळूच खुर्चीवरून खाली उतरल्या. भाचा तर वाटच बघत होता. दाराशी आजी बारकीपाशी थांबल्या, एप्रनकडे पाहिलं.

"खुर्च्या तू भरल्यास?"

"हो."

"इतक्या कशाला गं?"

"मालकांनी सांगितलं तितक्या. त्यांच्याकडे जास्त असं काही नसतं."

आजी फिस्सकन हसल्या आणि गेल्या. कारखाने त्यांनी पुढे कामगारांच्याच मंडळाला विकले. ही बातमी गल्लीत आली तेव्हा बारकीने अख्ख्या गल्लीला चहा पाजला. कारण विचारलं तर म्हणाली, "माझ्या भावाचं काहीतरी राहिलं. पहिल्यांदाच."

ते आठ-पंधरा दिवस तिने आयुष्यात घेतली नव्हती अशी झोप घेतली. सकाळी चाचपायचीसुद्धा गरज पडत नव्हती.

मग एका सकाळी गल्लीत टेम्पो उभा राहिला आणि त्यातून दादा उतरला. मागून बाबांची खुर्ची उतरवली गेली. दादाने ती शेडमध्ये आणवली, टेम्पोवाल्याला बाहेर घालवलं आणि दार लोटून घेतलं.

"घे. हीच हवी होती ना? घे. बुडवलंस मला."

"बुडालास कुठे? होतं तेवढं सगळं आहे तुझ्याकडे."

"ते नाही ना मिळालं! हातातोंडाशी आलेलं..."

"म्हणजे कमी पडलं," बारकी म्हणाली. "कमी असतं, तेवढंच. तूच म्हणालास."

ओरडायला आलेला दादा टेकायला जागा शोधू लागला. शेडमध्ये बसायला फक्त काथ्याचा ढीग होता, त्यावर तो मटकन बसला. "वहिनी तुझी आता स्वयंपाकघरात जेवते," म्हणाला. "मोलकरणींबरोबर. तिथल्या स्टुलावर. मी एकटा त्या टेबलावर. तिथेही बसवत नाही, उभ्याने खातो. कुणाला बोलावलं तर लोक येतात, आणि जरा टेकले की उठतात. उघडून दे ना त्या खुर्च्या."

"भरायची मजुरी ही खुर्ची होती. उघडायची मजुरी तुला परवडायची नाही."

हे बोलताना तिला जी गोडी लागली, ती तिने जिभेवर थोडा वेळ तशीच ठेवली. मग पाठ फिरवली, कोपऱ्यात चहाचं आधण ठेवलं आणि पकड घेऊन खुर्चीपाशी बसली. हे काम तिला त्याच्या देखतच करायचं होतं. आपण त्याच्याकडून काय सोडवून आणलं ते त्याला बघू दे. एकेक खिळा उपसला. कापड सोललं. बुचक्यामागून बुचका नवा काथ्या उपसून ती त्याच्या पायाशी टाकत गेली. शेवटी गोणपाटाचा थर आला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि अंगावरची चादर ओढावी तसा अलगद बाजूला केला.

खाली खळगा नव्हता.

जुना काथ्या होता, पण पाटासारखा सपाट. जन्मभराच्या बसण्याने मऊ होत होत तो ठिसूळ झाला होता. नव्या भरण्याच्या आणि तिच्या गुडघ्याच्या रेट्याखाली त्याचा भुगा झाला होता. तिने डाव्या अंगाला तळहात ठेवला. डावीकडे तसंच, उजवीकडे तसंच. इतका जुना काथ्या दाब सोसत नाही, हे गादीकाम करणाऱ्या कुणालाही कळतं. तिलाही कळत होतं. त्या दिवशी तिला ते कळून घ्यायचं नव्हतं.

"झालं का?" दादाने मागून विचारलं. तो उठला, खुर्चीला वळसा घालून आला आणि तिने काही म्हणायच्या आत, चुरा झालेल्या त्या काथ्यावर तसाच बसला. मागे टेकला. डोळे मिटले. त्याचे खांदे हळूहळू खाली आले. किती दिवसांनी माणूस नीट बसला होता कोण जाणे.

"अगं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज लहानपणचा झाला. "लागतोय. बाबांचा खळगा अजून तसाच लागतोय."

बारकी त्याच्याकडे बघत राहिली. याला कधी कळलंच नव्हतं. खळगा कुठे होता, किती होता, कुठल्या अंगाला होता, यातलं या माणसाला कधी काही ठाऊकच नव्हतं. आज तो नाही आणि हा त्यात सुखाने बसला आहे. म्हणजे तिने मोडलं ते त्याचं काहीच नव्हतं. जे मोडलं ते फक्त तिचं होतं. आणि तरी हा सुखात बसलाय, हे तिला क्षणभरही सोसेना. बोललं तर आपल्यालाच लागणार हे कळत असूनही ती बोलली.

"तिथे काही नाही, दादा. खळगा गेला. तू आणखी म्हणालास आणि मी गुडघा रोवून दाबला. बाबांचं त्या खुर्चीत आता काहीही राहिलेलं नाही."

दादाने डोळे उघडले. आधी त्याला खरं वाटेना. मग त्याने हात खाली घालून चाचपलं, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. असा शोधत फिरणारा हात बारकीने पूर्वी एकदा पाहिला होता. तिने मान वळवली. दादा चटका बसल्यासारखा उठला.

आधण केव्हाचं उकळत होतं. तिने दोन कप भरले, एक त्याच्या हातात दिला. त्याने घेतला. दोघांच्या मधे खुर्ची होती, उघडी, रिकामी, आणि दोघांनीही चहा तळापर्यंत उभ्यानेच प्यायला.